बद्द वाजणारा युक्तिवाद

छत्रपती संभाजीनगरात घर बांधणाऱ्याला किंवा जुन्या फ्लॅटची फरशी बदलायला काढणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. ‘अ‍ॅडेसिव्ह वगैरे कंपन्यांचे चोचले आहेत, आजवर सगळी कामं सिमेंटवरच झाली आणि ती अजून जागेवर आहेत.’ मिस्त्री हे म्हणतो, ठेकेदार म्हणतो, दोन घरं बांधून झालेला शेजारी तर फारच ठामपणे म्हणतो. हा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याच्यामागे पुरावा आहे. गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या जुन्या वाड्यांत शहाबादी फरशी पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली झिजून गुळगुळीत झाली आहे. सिडको-हडकोच्या सुरुवातीच्या घरांत मोझॅकच्या फरशीला पॉलिश मारलं की ती अजून चमकते. तिथे कोणी पोत्यातला तयार गोंद वापरला नव्हता. पुरावा मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही, कारण ज्या वस्तूविषयी तो पुरावा आहे ती वस्तू आज आपण घरात आणतच नाही. नाव तेवढं तेच राहिलं आहे.

जुन्या फरशीकडे आधी नीट बघू. शहाबादी म्हणजे खाणीतून निघालेला चुनखडीचा दगड. त्याची वरची बाजू घासलेली असते, खालची बाजू मात्र जशी फुटली तशी, खडबडीत, कुठे इंचभर जाड तर कुठे सव्वा इंच. खालच्या मालात तो दगड रुततो आणि स्वतःच्या वजनाने बसतो. मोझॅकची फरशी तर सिमेंटचंच भावंड. तिच्या भारतीय मानकाने, म्हणजे आयएस १२३७ ने, १० टक्क्यांपर्यंत पाणी शोषायला परवानगी दिली आहे. आकार २०० ते ३०० मिलिमीटर आणि जाडी २० ते २५. अशा फरशीच्या पाठीवर सिमेंटचा घोळ लावला की त्यातलं पाणी फरशी ओढून घेते, पाण्याबरोबर सिमेंटचे बारीक कण छिद्रांत शिरतात आणि तिथेच त्यांचे स्फटिक वाढतात. सिमेंटची पकड ही अशी मुळं धरण्याची पकड आहे. मोरीच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागायच्या त्या पांढऱ्या सहा-आठ इंची चकचकीत टाइल्सची पाठही लालसर, भुसभुशीत, १० टक्क्यांहून जास्त पाणी पिणारी. म्हणून तर मिस्त्री त्या आधी टबात भिजत घालायचा. कोरडी टाइल घोळातलं पाणी इतक्या झपाट्याने पिते की सिमेंट मुरण्याआधीच सुकतं. ती रीत अनुभवातून आली होती आणि त्या टाइलसाठी अगदी शास्त्रशुद्ध होती.

आता गुजरातेतल्या मोरबीहून ट्रकने येणारी दोन बाय चार फुटांची व्हिट्रिफाइड टाइल घ्या. प्रचंड दाबाखाली दाबलेली, बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली, जवळजवळ काच झालेली माती. या गटातली टाइल जागतिक वर्गवारीनुसार वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. चांगल्या मालाचं शोषण त्याहून कितीतरी कमी. मोझॅकशी तुलना केली तर वीसपट किंवा त्याहून जास्त फरक. तिच्या पाठीत मुळं धरायला जागाच नाही. भरीला भर म्हणजे भट्टीतल्या रुळांना चिकटू नये म्हणून पाठीवर लावलेली पांढरी भुकटी बऱ्याचदा तशीच राहिलेली असते. बोट फिरवलं तर बोटाला लागते. आपला मिस्त्री या टाइलच्या पाठीवर शुद्ध सिमेंटचा घोळ थापतो. घोळ सुकताना आकसतो आणि भुकटीसकट टाइलपासून सुटतो. अशी टाइल पुढे कधी काढली तर तिची पाठ दुकानातून आली तेव्हा होती तितकीच स्वच्छ निघते. खाली सिमेंटच्या पापुद्र्यावर मात्र तिच्या पाठीवरच्या चौकटींचा हुबेहूब ठसा उमटलेला असतो. ठसा उमटला म्हणजे स्पर्श झाला होता. चिकटलं मात्र काहीच नव्हतं. आणि जुन्या सवयीने कोणी ही टाइल भिजत घातलीच, तर ती पाणी पीत नाही, पाठीवर पाण्याचा पापुद्रा घेऊन वर येते. ज्या रीतीने जुनी टाइल चिकटत होती त्याच रीतीने ही सुटते.

पृष्ठभाग बघून माल ठरवावा लागतो ही गोष्ट पटायला खरं तर आपल्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नसेल. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रं रंगवायची होती त्या भिंती कारागिरांनी गुळगुळीत केल्या नाहीत. छिन्नीचे घाव तसेच राखले, कारण मातीच्या गिलाव्याला धरायला खाचा हव्या होत्या. गिलाव्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवले. वेरूळच्या गिलाव्याचे नमुने तपासून पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि इथल्याच विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं की त्या मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते. बीबी का मकबऱ्यात संगमरवर आहे तो भिंतीच्या खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला; मधल्या काळ्या दगडावर चुन्याचा घोटीव गिलावा आहे, आणि चुना हा सिमेंटपेक्षा कितीतरी मवाळ, थोडं सरकू देणारा पदार्थ. तेव्हा ‘पूर्वी असलं काही लागत नव्हतं’ हे म्हणणंच चुकीचं आहे. पूर्वीच्या कारागिरांना पृष्ठभाग बघून माल ठरवता येत होता, खडबडीतपणा राखता येत होता, आणि मालात काय मिसळलं की तो तडकत नाही हेही ठाऊक होतं. परंपरेचा दाखला द्यायचा तर तो या अकलेचा द्यावा. काचेसारख्या पाठीवर सिमेंटचा घोळ फासण्याला परंपरा म्हणणं हा त्या कारागिरांवर अन्याय आहे.

अ‍ॅडेसिव्ह म्हणजे तरी काय? त्यातही सिमेंट आणि चाळलेली बारीक वाळूच असते. फरक दोन गोष्टींचा. एक म्हणजे सेल्युलोजपासून बनवलेलं द्रव्य, जे पाणी धरून ठेवतं. त्यामुळे तीन मिलिमीटरचा पातळ थरसुद्धा सिमेंट मुरेपर्यंत ओला राहतो. दुसरी म्हणजे पाण्यात पुन्हा विखुरणारी पॉलिमरची भुकटी. थर सुकताना तिचे कण एकमेकांत मिसळून बारीक लवचीक जाळं तयार होतं, आणि ते छिद्रं नसलेल्या पाठीलाही चिकटतं. सिमेंट मुळांनी धरतं, पॉलिमर त्वचेला त्वचा लावून धरतो. हे काही कालचं नवल नाही. लॅटेक्स मिसळलेला पातळ थराचा माल अमेरिकेत हेन्री रॉथबर्ग या रसायन अभियंत्याने १९५६ साली बाजारात आणला, म्हणजे आपल्याकडे मोझॅकची चलती होती तेव्हाच. आपल्याला तो तेव्हा लागला नाही, कारण आपली फरशी तेव्हा पाणी पीत होती.

यावर एक हुशार आक्षेप येतो. हिशोबाने बघितलं तर तो अगदी बिनतोड वाटतो. दोन बाय चारच्या नऊ मिलिमीटर जाड टाइलचं वजन भरतं साधारण १५ किलो. युरोपीय मानकातल्या सर्वांत साध्या, म्हणजे सी-१ दर्जाच्या अ‍ॅडेसिव्हची पकड प्रत्येक चौरस मिलिमीटरला किमान अर्धा न्यूटन असावी लागते. म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे पाच किलो. टाइलचं क्षेत्रफळ ७,२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पकड झाली ३६ टनांची! सिमेंटच्या घोळाची पकड याच्या विसाव्या हिश्शाइतकीच धरली तरी १,८०० किलो. पंधरा किलोच्या टाइलला एवढं पुरत नाही का? पुरतं, जर टाइलचं भांडण गुरुत्वाकर्षणाशी असेल तर. पण टाइल आपल्या वजनाने सहसा पडत नाही. तिचं भांडण असतं खालच्या जमिनीच्या आणि भिंतीच्या हालचालीशी. काँक्रीट सुकताना आकसतं; आयएस ४५६ मध्ये हे आकसणं मोजताना ०.०००३ ही किंमत धरायला सांगितली आहे. चार मीटरच्या खोलीत ते भरतं १.२ मिलिमीटर. व्हिट्रिफाइड टाइल भट्टीतून बाहेर आली तेव्हाच जे व्हायचं ते होऊन बसलेली. ती एक केसभरही आकसत नाही. खालची स्लॅब लहान होते, वरची फरशी तेवढीच राहते, आणि मधला घोळ दोघांच्या ओढाताणीत कातरला जातो. गच्चीचं तर विचारूच नका. जानेवारीच्या पहाटे दहा अंश आणि मेमधल्या दुपारी तापलेल्या टाइलचं तापमान साठ अंश धरलं, तर सहा मीटरच्या ओळीत टाइल दोन मिलिमीटरच्या आसपास वाढते. टाइल टाइलला भिडवून बसवलेली असेल तर या दोन मिलिमीटरना जायला जागा नाही. मग एखाद्या दुपारी घरात कोणी नसताना फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात. लोक म्हणतात भूकंप झाला असेल. ओढाताण गेली कित्येक वर्षं चालूच होती, फक्त पकड सुटली त्या दुपारी.

‘पण आमच्याकडे व्हिट्रिफाइडच आहे, सिमेंटवरच बसवली आहे, आणि दहा वर्षांत काही झालेलं नाही,’ हा यापुढचा बचाव. अशी घरं आहेत, नाकारायचं कारण नाही. जमिनीवरची फरशी सुटली तरी पडणार कुठे? चारी बाजूंनी आवळलेली ती जागच्या जागी पडून राहते. पण एक नाणं घ्या आणि सबंध खोलीभर टाइल्सवर वाजवत चला. कुठे टणक आवाज येतो, कुठे बद्द. फुटलेल्या मडक्यासारखा तो बद्द आवाज म्हणजे खाली पोकळी आहे. भरलेला गॅसचा सिलिंडर जरा जोराने टेकवला किंवा कपाटाचा पाया नेमका तिथे आला की टाइल कोपऱ्यातून तडकते आणि दोष टाइलच्या कंपनीला दिला जातो. शिवाय टिकलेल्या फरशा डोळ्यांसमोर असतात. निघालेल्या फरशा मलब्याच्या ट्रॉलीत भरून शहराबाहेर गेलेल्या असतात. त्यांची साक्ष कोणी काढत नाही. आणि जमिनीवर चाललं म्हणून तोच न्याय भिंतीला लावणं तर धोक्याचंच आहे. भिंतीवरून सुटलेली पंधरा किलोची टाइल खाली कोणाच्या पायावर किंवा डोक्यावर येईल हे नाणं वाजवून कळत नाही.

कंपन्यांचा धंदा हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. अ‍ॅडेसिव्हच्या बाजारात नावांचा सुळसुळाट आहे. ‘प्लस’, ‘सुपर’, ‘गोल्ड’ असल्या शब्दांनी कशाचाच बोध होत नाही, आणि दुकानदार ज्याच्यात जास्त सुटतं ते पोतं पुढे सरकवतो. पण धंदा आहे म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. सिमेंटही कोणी धर्मादाय विकत नाही. यावर उपाय पोत्यावर काय लिहिलंय ते वाचणं हा आहे. आपल्याकडे या मालासाठी आयएस १५४७७ हे मानक आहे, आणि २०१९ सालच्या आवृत्तीत त्याचे एक ते पाच असे प्रकार आहेत. ढोबळमानाने आकडा वाढतो तसं काम अवघड: घरातल्या जमिनीवरच्या छोट्या सिरॅमिक टाइलला पहिला प्रकार चालून जातो, मोठी व्हिट्रिफाइड, बाहेरची भिंत किंवा हलणारा पृष्ठभाग आला की वरचा प्रकार लागतो. काही पोत्यांवर युरोपीय खुणा असतात. त्यात सी-१ म्हणजे अर्ध्या न्यूटनची पकड, सी-२ म्हणजे एक न्यूटनची. टी म्हणजे भिंतीवरून न घसरणारा, ई म्हणजे पसरल्यावर जास्त वेळ ओला राहणारा, एस-१ आणि एस-२ म्हणजे वाकू शकणारा. एवढी बाराखडी आली की दुकानात ब्रँडचं नाव न घेता माल मागता येतो. साध्या जमिनीला सर्वांत महागडं पोतं घेण्याचं काही कारण नाही, आणि गच्चीला सर्वांत स्वस्त घेण्याचं तर मुळीच नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण सिमेंटवाल्यांपेक्षा माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे. हे लोक पोतं विकत घेतात आणि निर्धास्त होतात. अ‍ॅडेसिव्ह आणलं म्हणजे काम झालं! मग त्या पोत्याचं जे होतं ते बघण्यासारखं असतं. माल जमिनीवरच ओतून थापीने कालवला जातो, अंदाजाने पाणी. वीस किलोच्या पोत्याला साधारण पाच लिटर लागतं, नेमका आकडा पोत्यावर छापलेला असतो, पण बादली मोजून घेण्याची रीत नाही. यंत्राने ढवळून, पाच-दहा मिनिटं मुरू देऊन पुन्हा ढवळायचं असतं; ती पाच मिनिटं कुणाकडेच नसतात. पोतं पुरवायचं म्हणून त्यात दोन घमेली साधं सिमेंट मिसळलं जातं, म्हणजे ज्या पॉलिमरसाठी पैसे दिले तो पातळ केला. माल घट्ट झाला की वरून पाणी. आणि शेवटी टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवून टाइल भिंतीला दाबली जाते. या पाच गोळ्यांनी किती भाग चिकटतो? फार तर तिसरा हिस्सा. बाकी सगळी पोकळी. बाथरूममध्ये ती पाण्याने भरते आणि गच्चीवर तापलेल्या हवेने. अमेरिकन मानकात कोरड्या जागी किमान ८० टक्के आणि ओल्या किंवा बाहेरच्या जागी ९५ टक्के भाग भरलेला असावा असं सांगितलं आहे, आणि ते अमेरिकेत जितकं खरं तितकंच गारखेड्यातही. गोळ्यांची पद्धत सिमेंटच्या दिवसांतली, वाकड्या गिलाव्यावर सरळ फरशी आणण्यासाठीची. म्हणजे माल नवा आणि हात जुना.

योग्य रीत फार अवघड नाही. टाइलची पाठ ओल्या फडक्याने पुसून भुकटी काढायची आणि पाणी सुकू द्यायचं. दातेरी थापीने भिंतीवर माल ओढायचा, दाते एकाच दिशेला, अर्धगोल नक्षी काढायची नाही, कारण नक्षीत हवा कोंडते. मोठ्या टाइलला दहा-बारा मिलिमीटरचे दाते, आणि टाइलच्या पाठीवरही मालाचा एक पातळ हात. मग टाइल दात्यांच्या आडव्या दिशेने किंचित सरकवत दाबायची म्हणजे उभ्या रेघा मोडतात आणि हवा बाहेर पडते. दहा मिलिमीटरच्या रेघा दबून चार-पाचचा सलग थर राहतो. या सगळ्यात एक गोष्ट मात्र आपल्या गावाची खास आहे, आणि पोत्यावरच्या छापील मजकुरात ती सहसा नसते. पसरलेला माल अमुक मिनिटं काम देतो हा आकडा प्रयोगशाळेतला आहे, २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेतला. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठणठणीत, आणि खिडक्या अजून बसलेल्या नसल्याने वारा थेट आत. तिथे वीस मिनिटांची मुदत निम्म्याहून कमी होते. दुधावर धरते तशी मालावर साय धरते. वरून तो ओला दिसतो, पण बोट लावलं तर बोटाला काही येत नाही. त्या सायीवर बसवलेली टाइल कितीही महागड्या पोत्याची असो, तिची गत घोळावरच्या टाइलसारखीच. उन्हाळ्यात काम सकाळी आणि संध्याकाळी, एका वेळी दोन-तीन टाइल्सपुरताच माल पसरून, बोटाने तपासत करायला हवं. साय धरलेला माल खरवडून फेकायचा; वर पाणी शिंपडून तो जिवंत होत नाही.

खर्चाबद्दल सरळ हिशोब मांडतो. अ‍ॅडेसिव्ह चौरस मीटरला आणि प्रत्येक मिलिमीटर जाडीला साधारण दीड किलो लागतं. तीन मिलिमीटरचा थर धरला तर वीस किलोचं पोतं ४५ ते ५० चौरस फूट जातं; कंपनीच्या जाहिरातीतला आकडा हाच असतो. पण मोठ्या टाइलला पाच-सहा मिलिमीटर लागतात, म्हणजे पोती दुप्पट. आणि गिलावा वाकडा असेल, सूत धरल्यावर कुठे दहा-बारा मिलिमीटरचा खड्डा निघत असेल, तर तिथे चौपट. हिशोब बिघडतो तो इथे, आणि ‘परवडत नाही’ म्हणून गोळ्यांकडे परत जाण्याची वाटही इथूनच फुटते. गिलावा आधी ओळंब्यात आणि जमीन पाणसळीत आणली तर अ‍ॅडेसिव्हचा खर्च टाइलच्या किमतीच्या मानाने थोडकाच राहतो. खड्डे भरायचं काम साध्या मालाने करायचं, चिकटवायचं काम अ‍ॅडेसिव्हने. महागड्या मालाने खड्डे भरून मग महाग पडलं म्हणण्यात अर्थ नाही.

यात सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणं मात्र मला पटत नाही. त्याला चौरस फुटाच्या दराने पैसे मिळतात. भुकटी पुसायला, माल मुरू द्यायला, टाइल उचलून बघायला लागणारा वेळ त्याच्या मजुरीतून जातो. दर ठरवताना ही कामं मोजली नाहीत तर ती होणार नाहीत, इतकं हे सरळ आहे. आणि सांधे नकोत हा हट्ट तर सर्वस्वी घरमालकाचा. शोरूममध्ये एकसंध दिसणारी फरशी बघून आलेला मालक दोन मिलिमीटरचा सांधा बघितला की नाक मुरडतो. मिस्त्री बिचारा स्पेसर खिशात घालतो आणि टाइल्स भिडवतो. खरं तर हव्या असतात या तीनच गोष्टी: दोन मिलिमीटरचा ग्राउट भरलेला सांधा, भिंतींच्या कडेने सोडलेली फट जी स्कर्टिंगखाली झाकली जाते, आणि मोठ्या हॉलमध्ये वीस-पंचवीस फुटांवर एक मऊ पदार्थाने भरलेला सांधा. गच्चीवर तोच आठ-बारा फुटांवर. स्लॅबच्या त्या सव्वा मिलिमीटरला जागा मिळते ती इथे. सांधे नको असतील तर मालकाने नंतर पोत्याला नावं ठेवू नयेत.

पाण्याची एक बाजूही आहे, आणि जायकवाडीतून उपसून आणलेलं पाणी ज्या शहराच्या नळाला कित्येक दिवसांआड येतं तिथे ती लहान नाही. सिमेंटच्या कामावर दिवसचे दिवस पाणी मारावं लागतं, नळाला नसेल तर टँकरचं. अ‍ॅडेसिव्हचा थर आपलं पाणी आपल्यापाशी राखतो, त्यावर पाणी मारायचं नसतं. खालच्या कोब्याला आणि गिलाव्याला मात्र मारायचंच. आणि अ‍ॅडेसिव्ह म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. बाथरूमच्या जमिनीला आधी वॉटरप्रूफिंगचा थर, पाणी भरून तपासणी, मग टाइल. हा क्रम चुकवून खालच्या मजल्याच्या छताला ओल आली की पोतं बदलून काही होत नाही. तसंच घराखाली भराव नीट ठोकलेला नसेल किंवा काळ्या मातीवर पाया पुरेसा खोल नसेल तर जमीन बसणारच. तिथे सिमेंट आणि अ‍ॅडेसिव्ह दोघेही निर्दोष.

एवढं सगळं म्हटलं तरी सिमेंटचा माल बाद झालेला नाही. शहाबादी, कोटा, तांदूर, अंगणातला इंचभर जाडीचा खडबडीत दगड, यांना अ‍ॅडेसिव्ह लावणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. जाडी असमान, पाठ खडबडीत, पाणी पिणारी, वजनदार. त्यांना वाळू-सिमेंटचा जाड बिछानाच हवा. जुन्या वाड्याची ओसरी दुरुस्त करताना कोणी पोती घेऊन आलं तर त्याला परत पाठवावं. उलट, राहत्या फ्लॅटमध्ये फोडाफोडी न करता जुन्या टाइलवर नवी बसवायची असेल तर तिथे सिमेंटला जागाच नाही. आधी नाणं वाजवून पोकळ टाइल्स काढायच्या, उरलेल्यांवरचं तेल-मेण घासून काढायचं, वरच्या प्रकारचा माल घ्यायचा, आणि दारं खालून तासून घ्यायची हे सुताराला आधीच सांगून ठेवायचं.

मग काम सुरू झाल्यावर कोण बरोबर हे ठरवायला वाद घालायची गरज नाही. पहिल्या आठ-दहा टाइल्स बसल्या की माल ओला असतानाच त्यातली एक उचलायला सांगावी. पाठ उलटी करून बघावी. माल चारही कोपऱ्यांपर्यंत पोहोचला असेल आणि भिंतीवर रेघा मोडून सपाट झाल्या असतील तर पुढे चालू द्यावं. पाच गोल डाग दिसले, किंवा पाठ कोरी निघाली, तर त्या दहाही काढून पुन्हा लावून घ्याव्यात. त्या वेळी माल ओला असतो, टाइल शाबूत असते आणि पुन्हा लावायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास मजुरीत धरायला कबूल व्हावं, म्हणजे मिस्त्रीही कुरकुर करत नाही.